कात्रणाची गादी

काकांनी ट्रेलर आणला त्या दिवशी गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाटलं, म्हाताऱ्याने या वयात आइस्क्रीमची गाडी काढली. दोन पोरी तर घरून वाट्या घेऊन रांगेतच उभ्या राहिल्या. काकूंनी त्यांना समजावून परत पाठवलं, मग कमरेवर हात ठेवून त्या पांढऱ्या डब्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "यात आपण दोघं मावू हो. पण तुमचं बोलणं कुठे मावणार?"

ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे आकड्याला अडकवून ओढत न्यायचं घर. आत एक पलंग, एक ओटा, हात बुडेल एवढं बेसिन, दोन बाकडी, आणि मधोमध दोन माणसं एकमेकांना सॉरी म्हणत वळू शकतील एवढी जमीन. विकणारे गृहस्थ निवृत्त दंतवैद्य होते. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून विकत होते. ट्रेलर त्यांनी दातांसारखाच स्वच्छ ठेवला होता, कुठे डाग म्हणून नाही. फक्त बाकड्यांचा फोम गेला होता, आणि फोम गेला की काकांना गंमत वाटायची.

कारण काका सीट शिवायचे. मोटारींच्या, सोफ्यांच्या, नाट्यगृहाच्या खुर्च्यांच्या. चाळीस वर्षं तोच धंदा, घरामागच्या वर्कशॉपमध्ये. त्यांच्या तळहाताची एक खासियत होती. फोमवर हात ठेवला की सांगायचे, इथे कोण बसलं, किती वजनाचं, किती वेळ. एकदा एका गिऱ्हाइकाच्या सोफ्याला हात लावून ते सहज म्हणाले, "इथे कोणीतरी रोज रागाने बसतं." गिऱ्हाइकाची सासू मागेच उभी होती. ते काम काकांच्या हातून गेलं, पण त्यांनी शब्द काही मागे घेतला नाही.

गुण सांगितला, आता खोडही सांगतो. त्यांना कात्रण टाकवत नसे. हातभर असो की वीतभर, "लागेल कधीतरी" म्हणत ते पोत्यात भरायचे. वर्कशॉपमध्ये अशी अकरा पोती छताला टेकली होती. काकूंचं आणि त्या पोत्यांचं लग्नापासून वैर होतं.

काकांनी घरातल्या दोन कुत्र्यांची नावंही धंद्यावरूनच ठेवली होती. तीन वर्षांचा तो रेक्झिन. त्याच्यावर चहा सांडा, ओरडा, शेपटीवर पाय द्या, पुसलं की झालं, मनाला काही लागायचं नाही. आणि नऊ वर्षांची ती मखमल. तिच्यावर नुसतं बोट फिरवलं तरी ठसा राहायचा.

मखमल लहान असताना कोणीतरी तिला एका बंद गाडीत सोडून गेलं होतं. उन्हात, काचा वर करून. काकांनी काच फोडून तिला काढलं होतं. तेव्हापासून चार चाकं आणि एक दार असलेली कुठलीही गोष्ट दिसली की ती जमिनीला चिकटायची. दोन वर्षांपूर्वी एका लग्नासाठी तिला कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवलं, तर पाच दिवस तिने पाण्याशिवाय कशाला तोंड लावलं नाही. परत आली तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या. काका त्या दिवशी ढसाढसा रडले होते, आणि पुन्हा हिला सोडून कुठे जाणार नाही असं बोलून बसले होते.

आणि आता लेकीला दिवस गेले होते. लेक दोन दिवसांच्या वाटेवर राहायची. सात आठवड्यांत बाळ येणार होतं. म्हणजे एक तर मखमल ट्रेलरला सरावणार, नाहीतर काकू एकट्या जाणार आणि काका पहिल्या नातवंडाचं तोंड फोनवर बघणार.

"मी राहीन घरी," काका म्हणाले होते.

"काही राहत नाही," काकू म्हणाल्या. "बाळाला आधी आजोबा बघू देत. मग हवं तर घाबरू दे."

काकूंनी मग ट्रेनर शोधली. साठीची, उंच, गळ्यात शिट्टी. तिची रीत अशी की कुत्र्यांना अहो-जाहो आणि माणसांना अरे-तुरे. आल्या आल्या तिने उकिडवं बसून म्हटलं, "नमस्कार मखमलबाई, घाई नाही, तुमच्या सोयीने." आणि काकांकडे वळून, "तू कशाला मध्ये मध्ये करतोस? लांब हो."

तिने नियमांचा कागद लिहून दिला, काकूंनी तो फ्रीजवर डकवला. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे कागदावर लिहिलं की ते खरं. पहिला आठवडा ट्रेलर अंगणात नुसता उभा ठेवायचा, दार उघडं. दुसऱ्या आठवड्यात आत गाद्या टाकायच्या. प्रत्येकाची आपली गादी, तिचा वास तोच, ती धुवायची नाही. हाक मारायची नाही, ओढायचं नाही, ढकलायचं तर मुळीच नाही. दिवसातून तीनदा प्रत्येक गादीवर एक बिस्कीट ठेवायचं आणि निघून यायचं. हे जमलं की दार एक मिनिट लावायचं, मग दोन. मग तीच गादी मोटारीच्या मागच्या सीटवर, आणि मुक्कामाला पुन्हा ट्रेलरमध्ये. चालत्या ट्रेलरमध्ये कोणी बसायचं नाही. सातव्या नंबरवर लिहिलं होतं, कुत्रं पळालं तर मागे धावू नका, गादी दारात ठेवा आणि गप्प बसा.

"फी काय?" काकूंनी विचारलं.

ट्रेनरने वर्कशॉपच्या दारातून आतल्या पोत्यांकडे पाहिलं. "माझ्याकडे एकवीस कुत्री असतात," ती म्हणाली. "एकवीस गाद्या शिवून दे. या कात्रणांच्याच."

काकूंना तर आभाळ ठेंगणं झालं.

काकांनी दोन गाद्यांसाठी जाड निळं कापड बेतलं, आत कडक नवा फोम. बेतून झाल्यावर एक तुकडा उरला. फोमचाही एक चौकोन उरला. एरवी तो पोत्यात गेला असता, या वेळी काकांनी शिवूनच टाकला. उशीपेक्षा जरा मोठी, एक छोटी गादी झाली. तिला काही काम नव्हतं, म्हणून त्यांनी ती दोघांच्या गाद्यांच्या मध्ये टाकली. बरी दिसत होती.

काकू डबा घेऊन आल्या. त्यांच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण घट्ट होतं, उघडताना 'टक' असा आवाज व्हायचा आणि रेक्झिन जिथे असेल तिथून यायचा. काकूंनी गाद्या मोजल्या. तीन. कागदावर लिहिलं होतं, प्रत्येक गादीवर एक. त्यांनी तीन बिस्किटं ठेवली आणि निघून आल्या.

"अगं, तिसरी रिकामी आहे," काका म्हणाले.

"मग शिवली कशाला? नियम म्हणजे नियम."

दुसरा आठवडा संपत आला तरी मखमल पायरीच्या पुढे गेली नाही. पायरीला नाक लावायची, थरथरायची, मागे फिरायची. तिचं बिस्कीट संध्याकाळी तसंच असायचं, काकू ते उचलून आणायच्या. रेक्झिनचं अर्थातच उरत नसे. आणि मधल्या छोट्या गादीवरचंही उरत नसे.

"हा हावरट दोन्ही खातो," काकू म्हणाल्या.

"मग मखमलचं का नाही खात?" काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी काकांनी रेक्झिनला स्वयंपाकघरात कोंडलं. मखमल अंगणात झाडाखाली होती. काकू बिस्किटं ठेवून आल्या, आणि काका ट्रेलरच्या खिडकीखाली स्टुलावर बसले, आपण काहीच करत नाही अशा चेहऱ्याने. ऊन स्वच्छ होतं. कुठेतरी कोणी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. आणि मग त्यांच्या डोक्याच्या वर, ट्रेलरच्या आत, कुर्र... कुर्र... असा बारीक आवाज आला. दुधाच्या दातांनी कडक बिस्कीट फोडताना होतो तसा. मध्येच थांबला. पुन्हा कुर्र...

काका उठले आणि दारातून आत गेले. आत कोणी नव्हतं. बिस्कीट नव्हतं, चुराही नव्हता. त्यांनी सवयीने छोट्या गादीवर तळहात ठेवला.

गादी कोमट होती. मधोमध वीतभर खड्डा होता, गोल, एका बाजूला किंचित खोल, जिथे पाठ टेकते तिथे. सहा किलो, फार तर सात. आत्ताच उठलेलं.

 काका हळूच हात काढून बाहेर आले, आणि बाहेर मखमल पायरीपाशी उभी होती. कान पुढे, मान तिरकी. ती काकांकडे बघत नव्हती. काकांच्या पायांच्या मागे, आत बघत होती. तिची शेपूट एकदा हलली. मग इतकी वर्षं जिने स्वतःहून कुठल्या गाडीत पाय ठेवला नव्हता ती मखमल दोन पायऱ्या चढली, काकांना ओलांडून आत गेली, आपल्या गादीवर बसली, मान लांब करून मधल्या गादीवर ठेवली आणि हवेला चाटू लागली. सावकाश, जीभभर. पिल्लाचं डोकं चाटतात तसं. तिला स्वतःची पिल्लं कधी झाली नव्हती.

काकांना भीती वाटत होती आणि त्यांचे डोळेही भरून आले होते. या दोन गोष्टी एकदम होतात हे त्यांना माहीत नव्हतं. ते स्वयंपाकघरात गेले.

"अगं... ट्रेलरमध्ये काहीतरी आहे."

"उंदीर?"

"नाही. पिल्लू. पण... दिसत नाही."

काकूंनी हातातली बशी खाली ठेवली. बाहेर आल्या, दारातून आत बघितलं. मखमल शांतपणे चाटत होती. तिच्या जिभेखाली निळं कापड कोरडं राहत होतं. काकू बराच वेळ बघत राहिल्या.

"गेली की हो आत," शेवटी त्या म्हणाल्या. "आपली मखमल आत गेली." पदराने नाक पुसून मग त्या म्हणाल्या, "हजेरीत नाव काय लावू त्याचं?"

काकांनी गादीकडे पाहिलं. "कात्रण."

तर असं ते घरात आलं. दंतवैद्यांचं जुनं कुत्रं असणार, ट्रेलरवर जीव असणार, असं दोघांनी ठरवून टाकलं, आणि ठरवल्यावर भीती कमी झाली. कात्रण कोणाला त्रास देत नव्हतं. दार एक मिनिट लावलं तर मखमल रडली नाही. दोन मिनिटं लावलं, दहा लावलं, ती मधल्या गादीवर मान ठेवून पडून राहायची. चौथ्या आठवड्यात तिन्ही गाद्या मोटारीच्या मागच्या सीटवर गेल्या आणि मखमल त्यांच्यामागे स्वतःहून चढली. काकांनी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणली. तोवर निम्मी गल्ली फाटकांत उभी राहून टाळ्या वाजवत होती. आइस्क्रीमवाल्या पोरी सगळ्यात पुढे.

ट्रेनर शनिवारी यायची. पाचव्या शनिवारी ती ट्रेलरमध्ये चढली, "नमस्कार मखमलबाई, नमस्कार रेक्झिनराव," म्हणाली, आणि ओट्याकडे जाताना मधल्या गादीशी तिने पाऊल उंच उचलून पलीकडे टाकलं. झोपलेल्याला ओलांडतो तसं. काकांनी ते पाहिलं. तिने जाताना फक्त विचारलं, "माझ्या गाद्या कुठवर आल्या?"

"तेरा झाल्या."

"कर, कर. वाट बघतायत," ती म्हणाली.

सहाव्या आठवड्यात त्यांनी पहिला मुक्काम केला, घरापासून तासाभरावर, एका तळ्याच्या काठी. कागदावर तसंच होतं, लांबच्या प्रवासाआधी एक जवळचा मुक्काम. जागा छान होती. उंच गवत, काठाला झाडं, पलीकडे मोठा रस्ता, तिथून ट्रकचा आवाज अधूनमधून यायचा. काकूंनी खुर्च्या मांडल्या, रेक्झिनने तळ्यातल्या बदकांना स्वतःची ओळख करून दिली. मखमल दोरीने पायरीला बांधलेली, आपल्या गादीवर, उन्हात.

दुपार कलली तसं तळ्यावरून धुकं आलं. आधी पाण्यावर, मग गवतात, मग पलीकडची झाडं दिसेनाशी झाली. काका म्हणाले, छत ओढून घेऊ. ट्रेलरच्या बाजूला गुंडाळलेलं एक कापडी छत होतं, दांड्यांवर ताणायचं. त्यांनी ते अर्धं ओढलं आणि स्प्रिंग हातातून सुटली. छत फाडकन परत गेलं, बंदुकीसारखा आवाज झाला.

मखमल उडालीच. दोरीची गाठ सुटली. एक करडी पाठ गवतात दिसली, तिच्यामागे दोरी सळसळत गेली, आणि धुक्याने दोन्ही गिळलं.

"मखमल... मखमल..."

 पलीकडून एक ट्रक गेला. काका धावायला निघाले तर काकूंनी त्यांचा दंड धरला. पकड शाळेतलीच होती.

"सातवा नियम. धावायचं नाही."

"अगं, तिकडे रस्ता आहे..."

"तुम्ही धावलात तर ती रस्त्याकडेच पळेल. गाद्या आणा."

त्यांनी तिन्ही गाद्या दारासमोर गवतावर मांडल्या. रेक्झिन आपल्या गादीवर येऊन बसला आणि पहिल्यांदाच त्याला काहीतरी लागलेलं दिसत होतं. प्रकाश करडा होत चालला. धुक्यात पाणी कुठे आणि जमीन कुठे, कळत नव्हतं. पुन्हा एक ट्रक, या वेळी ब्रेक करकचून लागले, आणि काकूंनी डोळे मिटले. मग ट्रक पुढे गेला. अर्धा तास गेला. काकांच्या मनात एकच होतं, काच फोडून काढली होती आणि आपल्याच हाताने घालवली.

मग काय वाटलं कोण जाणे, ते गुडघ्यांवर बसले आणि मधल्या रिकाम्या गादीशी तोंड नेऊन, लाजत, अगदी हळू म्हणाले, "जा रे... घेऊन ये तिला."

काही झालं नाही. आणि मग गादीतला खड्डा भरू लागला. बसलेलं उठलं की फोम जसा श्वास घेत वर येतो, तसा. समोरचं गवत एका रेषेत वाकत गेलं, जोरात, आणि धुक्यात शिरलं.

"अहो..." काकू म्हणाल्या.

"गप्प बसायचं असं लिहिलंय ना," काका म्हणाले. 

किती वेळ गेला ते दोघांनाही नंतर सांगता आलं नाही. आधी आवाज आला. ओल्या गवतात पावलं. चार पावलं हलकी, ती मखमलची, काका ती झोपेतही ओळखतील. आणि त्यांच्या पुढे चार जड. धुक्यातून मखमल बाहेर आली, चिखलाने माखलेली, जिवंत. तिची दोरी तिच्या पुढे होती. जमिनीवर लोळत नव्हती. ताणलेली होती, आणि तिचं टोक हवेत, काकांच्या कमरेच्या उंचीवर, डुलत डुलत पुढे येत होतं.

कमरेच्या उंचीवर. परवापर्यंत ते वीतभर होतं.

दोरी काकांपर्यंत आली आणि थांबली. त्यांच्या कोपरापाशी कोणीतरी श्वास सोडला. गरम, आणि त्याला वास होता. कुत्र्याचा नव्हे. काकांना तो वास ओळखीचा वाटला, पण त्या क्षणी आठवेना. मग टोक सुटून त्यांच्या पायाशी पडलं, आणि छोटी गादी मधोमध दबली, दबत गेली, जमिनीला टेकली. तिच्या चारी बाजूंचं गवतही चपटं झालं.

काकूंनी मखमलला मिठी मारली आणि तिला रागावत, रडत, पुन्हा रागावत राहिल्या. काकांनी दोरीचं टोक उचललं. ते ओलं होतं, आणि त्यावर दातांचे खड्डे होते, त्यांचा अंगठा बसेल एवढे.

"मोठं झालंय गं," ते म्हणाले.

"दिवसाला तीन बिस्किटं खातं," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "वाढायला नको?" आणि त्यांनी डबा काढला. टक. त्या दिवशी सगळ्यांना दोन दोन मिळाली.

घरी आल्यावर काकांनी दंतवैद्यांना फोन केला. आभार मानायला, आणि जमलं तर त्या कुत्र्याचं खरं नाव विचारायला.

"कुत्रं?" दंतवैद्य म्हणाले. "छे हो. आमच्याकडे कधीच नव्हतं. बायकोला केसांनी दम लागायचा. त्या ट्रेलरमध्ये मांजरसुद्धा चढलेलं नाही."

काकांनी फोन ठेवला. काकूंना सांगितलं नाही. तयारीची घाई होती, आणि त्यांच्याकडे ट्रेनरचं काम बाकी होतं. निघायच्या आदल्या दिवशी एकविसावी गादी झाली. नव्या गाद्यांना चिकटवायच्या सोल्युशनचा वास असतो, तो उडायला हवा, म्हणून त्यांनी एकवीसच्या एकवीस गाद्या वर्कशॉपच्या फरशीवर ओळीने पसरल्या, खिडकी जरा उघडी ठेवली, दाराला कुलूप लावलं. झाडांना पाणी घालायला शेजारीणबाई होत्या. परत आल्यावर ट्रेनर गाद्या घेऊन जाणार होती.

प्रवास सुखाचा झाला. मखमल दोन दिवस खिडकीतून जग बघत होती आणि मुक्कामाला ट्रेलरमध्ये घोरत होती. बाळ त्यांच्यानंतर तीन दिवसांनी आलं. मुलगी. काकांनी तिला हातात घेतलं आणि पहिली गोष्ट काय म्हणाले असतील? "तीन किलो, दोनशे." परिचारिकेने काटा पाहिला, तर बरोबर तेवढंच. लेक हसून हसून बेजार झाली.

त्या आठवड्यात काकांनी नातीच्या पाळण्याची गादी शिवली, पिवळ्या मऊ कापडाची. बेतून झाल्यावर हातभर तुकडा उरला. हात शिवशिवत होते. शिवून टाकला, आणि ठेवायला जागा नाही म्हणून ट्रेलरमध्ये बाकड्याखाली सरकवला.

सकाळी ऊन आत आलं होतं. बिस्किटांची वेळ होती, काकू मागून डबा घेऊन येत होत्या. मखमल बाकड्याखाली मान घालून बसली होती आणि चाटत होती. सावकाश, जीभभर. काकांनी वाकून पिवळ्या तुकड्यावर तळहात ठेवला. कोमट. वीतभर खड्डा, एका बाजूला किंचित खोल.

आणि आता त्यांना तळ्याकाठचा तो वास आठवला. नवा फोम, सोल्युशन, पोत्याचा ताग. त्यांच्या स्वतःच्या वर्कशॉपचा. दंतवैद्य खरं बोलत होते. ट्रेलरमध्ये कधीच काही नव्हतं, जे आलं ते काकांनीच उरलेल्या तुकड्यांतून शिवलं होतं.

खिशात फोन वाजला. शेजारीणबाई. काकांनी स्पीकर लावून फोन बाकड्यावर ठेवला.

"काका, कुत्री दोन्ही तुमच्याबरोबर आहेत ना?" त्या हळू बोलत होत्या. "नाही... म्हणजे... वर्कशॉपचं दार आतून कोणीतरी खरवडतंय. चार दिवस झाले. मला वाटलं एक आत राहिलं. पण... एकच असेल असं वाटत नाही. ऐका."

त्यांनी फोन दाराला लावला असावा. लाकडावर नखं. एका जागी, मग खाली, मग दाराच्या पूर्ण रुंदीभर, दाटीवाटीने.

काकूंना काही माहीत नव्हतं. त्या पायरी चढून आल्या, वाकून पिवळ्या तुकड्याकडे पाहिलं, मखमलकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं बाई. आणखी एक?" असं म्हणत त्यांनी डब्याचं झाकण उघडलं.

टक.

फोनमधलं खरवडणं थांबलं. सगळं, एकदम.

"थांबलं..." शेजारीणबाई कुजबुजल्या. "काका, तुम्ही काय केलंत?"

काकूंनी फोनकडे पाहिलं, काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना हळूहळू कळत गेलं. मग त्यांनी डब्यात डोकावलं.

"किती शिवल्यात म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"एकवीस."

"मग हा डबा पुरायचा नाही," काकू म्हणाल्या, आणि आधी इथल्या चौघांची चार बिस्किटं मोजून काढली.